खाकरून यावे

आपल्याकडे दिवसाढवळ्या दार लावून बसायला सबळ कारण लागतं. ताप आलाय, परीक्षा आहे, कपडे बदलतेय किंवा घरात भांडण झालंय, एवढी चारच कारणं मान्यताप्राप्त आहेत. यांतलं एकही नसताना एखाद्या धडधाकट माणसाने आतून कडी घातली, की पाच मिनिटांत दारावर थाप पडते. "काय गं, बरं नाही का वाटत?" 'काही नाही, सहज बसलेय' या उत्तरावर घरातल्या कुणाचाच विश्वास बसत नाही. सहज कुणी एकटं बसतं का? मग दाराबाहेर कुजबुज होते, कुजबुजीतून चहा येतो, चहाबरोबर आत्या येते आणि आत्याबरोबर 'ऑफिसात काही झालं का' येतं. थोड्या वेळाने त्या खोलीत सहा माणसं बसलेली असतात आणि जिला एकटं बसायचं होतं, ती सहा जणांसाठी पोहे करायला स्वयंपाकघरात गेलेली असते. तिथे मात्र ती एकटी असते. मदतीला कुणी येत नाही.

१८९० मध्ये बॉस्टनच्या सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला आणि माणसाला त्याच्यापुरतं राहू द्यावं, हा त्याचा हक्क आहे असं मांडलं. त्यांचा राग होता तो वर्तमानपत्रांतल्या चहाटळक्यांवर आणि त्या काळात नव्याने निघालेल्या, चटकन फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर. लेख अजून गाजतो आहे, कोर्टाकोर्टांत त्याचे दाखले दिले जातात. त्या दोघांना लेख लिहायला म्हणून गिरगावातल्या चाळीत एक खोली दिली असती, तर तो लेख झाला नसता. "काय लिहिताय हो एवढं?" या प्रश्नाला तोंड देतादेताच दिवस संपला असता.

मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आजी-आजोबा, आई-वडील, दोन काका, लग्नाची आत्या, झालंच तर गावाहून 'चार दिवस' म्हणून आलेला आणि पुढे तिथूनच गिरणीतून निवृत्त झालेला मामेभाऊ. स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, पाहुणेरावळे, श्राद्ध आणि साखरपुडा, सगळं त्याच फरशीवर. संडास मजल्याच्या टोकाला आणि सगळ्यांचे मिळून. त्यामुळे तुमचं पोट बिघडल्याची बातमी हातातल्या टमरेलासकट गॅलरीतून मिरवत जायची आणि परत येईपर्यंत दोन दारांतून 'ताकात सुंठ घालून घे' असा सल्लाही मिळायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथम नावाच्या इंग्रज विद्वानाने तुरुंगाचा एक आराखडा काढला होता. मधोमध मनोरा, भोवती गोलाकार कोठड्या, म्हणजे एकच पहारेकरी सगळ्या कैद्यांवर नजर ठेवू शकेल. बिचाऱ्याला त्या पहारेकऱ्याचा पगार हिशेबात धरावा लागला. चाळीत हेच काम जिन्याशेजारच्या आजी फुकट करायच्या. शिवाय तांदूळ निवडता निवडता.

आणि तरीही त्या १६० चौरस फुटांत माणसांनी संसार केले, प्रेमं केली, कर्जं लपवली, रडून घेतलं. कसं जमवलं असेल?

जमवलं ते खाकरून. माझे आजोबा गॅलरीतून येताना तीन दारं आधीपासून घसा साफ करत यायचे. त्यांच्या घशाला काहीही झालेलं नसायचं. तेवढ्या वेळात आत सुना पदर सारखा करायच्या, काकाकाकूंचं भांडण ज्या वाक्यावर असेल तिथे थांबायचं, आत्या लिहीत असलेलं पान उलटून त्याखाली गणिताची वही यायची. आजोबा उंबऱ्यात पोचेपर्यंत घर बघण्याजोगं झालेलं असायचं. आत काय चाललं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच ते खाकरायचे. रात्री उशिरा येणारा काका चपला जरा जास्तच वाजवायचा, शेजारीण पडदा सरकवण्याआधी 'आहात का हो?' म्हणायची, जणू १६० चौरस फुटांतून आम्ही जाणार होतो कुठे.

याची दुसरी बाजू म्हणजे ऐकू न येणं. मधली भिंत कसली, नावालाच ती. पलीकडचं नवराबायकोचं भांडण अलीकडे शब्दन् शब्द यायचं, मधले हुंदकेसुद्धा. पण सकाळी नळावर ती बाई सुजल्या डोळ्यांनी आली, की आजूबाजूच्या चौघीजणी 'काल मेली इतकी लवकर झोप लागली' असं एकमेकींना सांगायला लागायच्या. मोठं भांडण झालं की त्या रात्री अख्खा मजला नऊला झोपलेला असायचा. नवीन लग्न झालेलं जोडपं घरात असेल, तर बाकीच्या मंडळींना एकाएकी उकडायला लागायचं आणि वळकट्या घेऊन सगळे गॅलरीत झोपायला जायचे. डिसेंबरातसुद्धा त्यांना उकडायचं.

आता हे सगळं फार गोड होतं असा सूर लावणारे लोक असतात. ते बहुधा पुरुष असतात आणि खाकरणाऱ्यांच्या कुळातले असतात. सासरे खाकरायचे, सासूबाई थेट आत यायच्या. सुनेची ट्रंक, सुनेची पत्रं, सुनेचं दुखणं ही घराच्या सामाईक मालकीची वस्तू होती. माहेरची पत्रं तर बोलूनचालून उघडी. पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ला आलं, पाव आण्याला एक. ते पोस्टमन वाचणार, दारात उभा असलेला भाजीवाला वाचणार, दिरांपैकी एक जण मोठ्याने वाचून दाखवणार. म्हणून मायलेकींचं निघतानाच ठरलेलं असायचं. पत्रात 'थोरल्या वन्संना नमस्कार' आला तर सगळं ठीक आहे. 'थोरल्या वन्संना सप्रेम नमस्कार' आला तर भावाला न्यायला पाठव. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ साली सगळ्यांचे निरोप कुलूपबंद केले, याचं जगभर कौतुक झालं. आमच्या पणजीने ते कुलूप एका 'सप्रेम'वर बसवलं होतं आणि त्याची किल्ली फक्त तिच्या आईकडे होती.

खाकरून यावे हे तत्त्व सरकारलाही लागू आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पहिल्यांदा नीट आला तो खरक सिंग नावाच्या उत्तर प्रदेशातल्या माणसामुळे. दरोड्याच्या आरोपातून तो पुराव्याअभावी सुटला होता, पण पोलिसांनी त्याच्या नावाने निगराणीची फाइल उघडली. रात्रीबेरात्री येऊन दार ठोठावायचं, माणूस घरात आहे का बघायचं, कधी झोपेतून उठवायचं. १९६२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे रात्रीचं येणं घटनाबाह्य आहे. मात्र खासगीपणाचा हक्क म्हणून वेगळं काही राज्यघटनेने दिलेलं नाही, असंही बहुमताने म्हटलं. म्हणजे दार ठोठावू नका, पण आतल्या माणसाने त्याला हक्कबिक्क समजू नये.

तो हक्क आहे असं स्पष्ट म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, आधारविरुद्ध याचिका केली होती. या वयात आपल्याकडचे आजोबा फार तर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीविरुद्ध अर्ज करतात. नऊ न्यायमूर्ती बसले आणि नऊच्या नऊ जणांचं एकमत झालं. चार मराठी माणसं चहा की कॉफी यावर एकमत करू शकत नाहीत, हे लक्षात घेता ही मोठीच गोष्ट आहे. त्याच निकालात एक घरगुती प्रकरणही मिटलं. आणीबाणीत, १९७६ साली, जगण्याचा हक्कसुद्धा तूर्त बंद आहे असं म्हणणाऱ्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. ते चुकलं होतं असं २०१७ च्या निकालात लिहिलं त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी. मराठी घरात 'बाबा, तुमचं चुकलं' हे वाक्य उच्चारायला साधारण आईची मध्यस्थी लागते. इथे एकेचाळीस वर्षं आणि नऊ जणांचं खंडपीठ लागलं.

निकाल लागला, पेढे वाटले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेहमीसारखी रांग होती.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण या देशातल्या माणसाची खरी कुंडली तिथे असते. आधारचा पहिला क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, खुद्द पंतप्रधानांच्या उपस्थितीत. बारा आकडी क्रमांक. त्यानंतर त्याच्या किती झेरॉक्स निघाल्या याची मोजदाद कुणी ठेवली नसेल. सिमकार्डाला झेरॉक्स, लॉजला झेरॉक्स, मंगल कार्यालयाला झेरॉक्स, भाडेकराराला दोन झेरॉक्स, सोसायटीत पार्किंगच्या स्टिकरला झेरॉक्स. मूळ कार्ड कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांसोबत सुरक्षित. त्याच्या झेरॉक्स मात्र गावभर हिंडतायत. कोणी मागितली की आपण विचारतो काय? 'कशाला हवी?' नव्हे. 'सही करून देऊ का?'

आता तर कागद न्यायचीही गरज उरलेली नाही. दुकानात भिंतीवर लॅमिनेट केलेली पाटी असते, 'प्रिंटसाठी या नंबरवर पाठवा'. आपण पाठवतो. मालकाच्या संगणकावर ते उमटतं आणि कायमचं तिथेच राहतं. त्या संगणकाच्या पडद्यावर मी एकदा रांगेत उभी असताना नजर टाकली. मागे बॅकग्राउंडला साईबाबा, आणि साईबाबांच्या अंगभर फायली. 'काका पॅन', 'रिपोर्ट शुगर', 'घटस्फोट फायनल', 'घटस्फोट फायनल नवीन'. मालक समोरच्या मुलाची मार्कशीट शोधत होता. शोधता शोधता त्याने एका बाईंची सोनोग्राफी, एकाचं मृत्युपत्र आणि एक खरेदीखत उघडून बंद केलं आणि प्रत्येक वेळी रांगेकडे बघून विचारलं, "हे तुमचं का?" रांगेतल्या आम्ही सगळ्यांनी मान वाकडी करून नीट वाचलं आणि मगच 'नाही' म्हटलं.

चुकलेल्या प्रिंट फेकायच्या नसतात. त्या पाठकोऱ्या म्हणून रद्दीत जातात आणि रद्दीतून भेळवाल्याकडे. मला एकदा कुणाच्या तरी पगाराच्या चिठ्ठीवर ओली भेळ मिळाली. भेळ निम्मी झाली तेव्हा मूळ वेतन दिसलं, तळाशी पोचले तेव्हा भविष्य निर्वाह निधी आणि पतपेढीचा हप्ता. हातात येणारी रक्कम पाहून मी उरलेल्या शेवा जरा आदराने खाल्ल्या. नावावर चिंचेचं पाणी सांडलं होतं. त्या गृहस्थांची गोपनीयता जी काही राखली गेली, ती चिंचेने.

यावर सरकार गप्प बसलं होतं असंही नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देत बसू नका, गैरवापर होऊ शकतो. लोक दचकले. कारण तोवर प्रत्येकाने निदान एक रीम कागद भरेल एवढ्या झेरॉक्स वाटलेल्या होत्या. दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. गैरसमज होऊ शकतो म्हणे, तेव्हा लोकांनी नेहमीसारखी सावधगिरी बाळगावी. नेहमीची सावधगिरी म्हणजे काय हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. झेरॉक्स देताना 'परत मिळेल ना?' असं विचारणं.

त्याच्याही आधी, जुलै २०१८ मध्ये, दूरसंचार नियामकाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर करून टाकला. या क्रमांकाने माझं काय वाकडं होतं ते करून दाखवा. लोकांनी आव्हान मनावर घेतलं. बघता बघता त्यांचा मोबाईल नंबर, पत्ता, जन्मतारीख असं काय काय शोधून मांडलं आणि कुणीतरी त्यांच्या खात्यात एक रुपयाही भरला. शर्मा शेवटपर्यंत म्हणत होते की यात माझं नुकसान काय झालं? मुद्दा बरोबर आहे. भेळेच्या कागदावरच्या गृहस्थांचंही तसं पाहिलं तर काही नुकसान झालं नाही. पण माझ्यासारखी एक परकी बाई त्यांच्या पतपेढीच्या हप्त्याबद्दल हळहळत घरी गेली, हे त्यांना आवडलं असतं असं मला वाटत नाही.

बँकांना वाटतं की त्यांचं बरं चाललं आहे. त्या गुप्त प्रश्न विचारतात. 'तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?' हा प्रश्न ज्याने शोधून काढला, त्याने मराठी बायोडेटा बघितलेला नसावा. आमच्यात लग्नाच्या बायोडेटात मामांचं नाव, आडनाव आणि गाव ठळक छापतात. नुसतं छापत नाहीत, वधूवर मंडळाच्या सतरा ग्रुपांवर पाठवतात. सोबत जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, उंची, रक्तगट, पगार, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा आणि वडिलांचा मोबाईल. मुलीकडचे त्यावर थांबत नाहीत. सात-बारा घरबसल्या मोबाईलवर दिसायला लागल्यापासून स्थळाची पाव एकर कुठे आहे आणि त्यावर कुणाकुणाची नावं चढलेली आहेत, हेही कांदेपोह्यांच्या आधी कळतं. बँकेचं स्टेटमेंट उघडायचा पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. माझी जन्मतारीख ही गुप्त बाब असती, तर सोसायटीच्या ग्रुपवर रात्री बाराला केकची पन्नास चित्रं आली नसती.

डॉक्टरांकडे जावं, तर तिथे कंपाउंडर असतो. भरलेल्या वेटिंग रूममध्ये तो दार उघडून हाक मारतो, "मूळव्याधवाले कोण आहेत?" कुणीच उठत नाही. सगळे भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघतात. तो पुन्हा ओरडतो. शेवटी एक गृहस्थ उठतात आणि आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी वतीने जातोय असा चेहरा करून आत जातात. औषधाच्या दुकानात मात्र कमालीची काळजी घेतात. सॅनिटरी पॅड मागितले की दुकानदार आवाज खाली आणतो, पुडा वर्तमानपत्रात गुंडाळतो, दोरा बांधतो आणि काळ्या पिशवीत घालतो. त्या दुकानात काळी पिशवी फक्त याच एका वस्तूला मिळते, ही बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट आहे. उघड्या हाताने नेला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. आणि रेल्वे! डब्याच्या दाराशेजारी आरक्षणाचा तक्ता डकवायचे, त्यावर नाव, स्त्री की पुरुष आणि वय. वर्षानुवर्षं एकोणचाळीसवर थांबलेल्या माझ्या एका मावशीचं खरं वय आम्हाला दादर स्थानकावर कळलं. २०१८ पासून मोठ्या स्थानकांवर तक्ते लावणं बंद करायला सुरुवात झाली, कागद वाचावा म्हणून. मावशीच्या मते फार उशिरा.

आता कुणी म्हणेल, एवढ्या उघड्यावर आयुष्य काढलेल्या माणसांना मोबाईलवरच्या चार अ‍ॅपांनी माहिती घेतली तर काय बिघडलं? मी बरेच दिवस असंच समजत होते. पण शेजारच्या काकूंत आणि त्या अ‍ॅपांत फरक आहे. काकूंना माझा पगार माहीत आहे हे मला माहीत आहे. त्यांच्या सुनेचा मला माहीत आहे. हिशेब चुकता. शिवाय काकूंना थाप मारता येते. 'यंदा पगारवाढ झालीच नाही हो' म्हटलं की त्या निम्मं खरं धरतात, निम्मं खोटं धरतात, आणि दोघींचं भागतं. मुख्य म्हणजे काकू विसरतात. मागच्या वर्षी माझा गुडघा धरला तेव्हा त्यांनी चौकशी केली, निरगुडीचं तेल आणून दिलं आणि गणपती येईपर्यंत गुडघा विसरून गेल्या. मोबाईलवर मी त्याच गुडघ्याबद्दल एकदाच शोधलं होतं. तो गुडघा अजून माझ्या मागे आहे. बातम्या वाचायला गेलं की गुडघ्याचा पट्टा, रेसिपी बघायला गेलं की गुडघ्याचं मलम, आणि अलीकडे तर जिन्यावर बसवायची सरकती खुर्ची. माझा गुडघा बरा झाला आहे हे कुणाला सांगायचं, याची सोय नाही.

आणि यातलं एकही अ‍ॅप खाकरत नाही. बॅटरी लावायचं साधं अ‍ॅप घ्यावं, तर ते आपल्या सगळ्या फोन नंबरांची यादी मागतं. अंधारात चप्पल शोधायला माझ्या नणंदेचा नंबर कशाला लागतो? बऱ्याच संकेतस्थळांवर हल्ली 'कुकी'ची परवानगी मागणारी पाटी येते. पण ती येईपर्यंत पाहुणा कित्येकदा आत शिरून, सोफ्यावर मांडी घालून, फराळाचा डबा उघडून बसलेला असतो. त्यानंतर तो खाकरतो. 'मला सर्व अटी मान्य आहेत' हे आपण ज्या वेगाने दाबतो तेही बघण्यासारखं आहे. देखभालीच्या बिलात चाळीस रुपये जास्त लागले म्हणून सर्वसाधारण सभेत दीड तास बोलणारे आमच्या सोसायटीतले काका चाळीस पानांच्या अटी डोळ्याचं पातं लवायच्या आत मान्य करतात.

आता कायदा झाला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि बऱ्याचशा जबाबदाऱ्या पाळायला लागण्याआधी कंपन्यांना अठरा महिने मिळाले. कायद्याची भाषा काढून टाकली तर आत आमच्या आजोबांचा घसाच सापडतो. माहिती घेण्याआधी सांगा, कशासाठी हवी ते सांगा, मराठीतही वाचायला मिळेल असं सांगा, होकार घ्या, आणि होकार जितक्या सहज घेतला तितक्याच सहज तो मागे घेऊ द्या. माहिती नीट सांभाळली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत दंड. वाचून मला फार बरं वाटलं. मग एक कलम दिसलं. एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही.

म्हणजे आत्या सुटली. मावशी सुटली. माझ्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर, मी गुंगीत असताना, तोंड उघडं असलेला माझा फोटो 'आपला परिवार' या ग्रुपवर टाकून खाली 'खडे चार निघाले' असं लिहिणारे मावसोबा सुटले. तो फोटो त्यांच्या फोनपासून बाकीच्यांच्या फोनपर्यंत अत्यंत सुरक्षितपणे, वाटेत कुणालाही न दिसता पोचला, एवढंच तंत्रज्ञानाच्या हातात होतं.

तेव्हा जे काही करायचं ते आपलं आपणच. माझ्या पुतण्याने मला एका रविवारी बसवून सगळं शिकवलं. आधारचा पूर्ण क्रमांक द्यायची बहुतेक ठिकाणी गरज नसते, शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. बोटांचे ठसे लॉक करून ठेवता येतात. झेरॉक्स द्यायचीच झाली तर तिच्यावर आडवं, मजकुरावरूनच, 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख लिहायची. नको ते फोन बंद करायला १९०९. बॅटरीच्या अ‍ॅपाची नणंदेपर्यंतची वाट बंद करायची. मी सगळं केलं. लॉजमध्ये चार आकडी आधार दिलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ते उजेडात धरून बघितलं आणि 'ताई, हे बरोबर छापलेलं नाही, बाजूला झेरॉक्सवाला आहे' म्हणाला. २०१६ मध्ये मार्क झकरबर्गच्या एका फोटोत त्याच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी दिसली आणि जगभर चर्चा झाली. शेजारच्या काकू फोनच्या कॅमेऱ्याला टिकली लावतात. आंघोळीनंतर जी कपाळावर, तीच फोनवर, आणि सणावाराला खड्याची.

खरं तर या विषयातलं माझं शिक्षण काकूंकडेच झालं. दिवाळीआधी आम्ही दोघी एका मोठ्या दुकानात परकर घ्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने वर न बघता विचारलं, "मॅडम, मोबाईल नंबर?"

"कशाला?"

"बिलासाठी."

"बिल कागदावर दे की."

"नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही."

नंबरासाठी गिऱ्हाईकावर जबरदस्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण काकूंनी मला हाताने थांबवलं. त्या शांतपणे नंबर सांगायला लागल्या. तो टाइप करत गेला आणि सहा आकड्यांवर त्या थांबल्या.

"पुढे?"

"पुढे काही नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरी एवढेच आकडे होते."

"मॅडम, दहा लागतात."

"आमच्या वेळी सहात लागायचा फोन."

मागे रांग वाढली. मुलाने सुस्कारा सोडला आणि मुकाट्याने स्वतःचाच नंबर टाकला. बिल छापायला मशीनने जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात काकूंनी विचारलं, कुठला रे तू? चाळीसगावचा. इथे राहतोस कुठे? कल्याणला, चौघांत एक खोली. देतात किती? त्याने मिळतात तितके सांगितले, कापतात तेही सांगितले. आईवडील? बहिणीचं झालं? मग तुझं? तो लाजला. शेती किती? कोरडवाहू की बागायत?

"माझ्या पुतणीचा बायोडेटा पाठवते," काकू पिशवी उचलत म्हणाल्या. "नंबर सांग तुझा."

त्याने दहाच्या दहा आकडे सांगितले, दोनदा, आणि काकूंनी नीट उतरवून घेतलाय ना म्हणून वाकून बघितलंही.